मावळी घराची ऊब : वलवण परिसरातील घरसजावटीचा इतिहास

आजच्या घराला गावाकडचा उबदार थाट देण्याची रीत मावळात चांगलीच रुळली आहे. लोणावळ्याला लागून असलेल्या वलवणच्या आसपासच्या बंगल्यांत सागवानी खांब, उतरती कौलारू पाखी, ओटीवरचा झोपाळा, तांब्याचे घंगाळ आणि भिंतीवर टांगलेले इरले हटकून दिसते. या थाटाचा उगम दोन प्रकारच्या घरांत आहे. पहिले, भातशेतीवर जगणाऱ्या मावळी कुटुंबाचे कुडाचे किंवा दगडमातीचे घर. दुसरा, घाटरस्ता आणि रेल्वे आल्यानंतर मुंबईच्या धनिकांनी उभारलेला व्हरांड्याचा बंगला. या दोन्ही घरांचे रूप इथल्या पावसाने ठरवले. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ढग घरात शिरतात, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, धान्याला बुरशी धरते. अशा मुलखात घर कोरडे आणि उबदार ठेवणे ही आधी गरज होती. त्यातली शोभा लोकांच्या डोळ्यांत भरली ती फार पुढे.

लेण्यांत जपलेले लाकडी घर

मावळातले जुने लाकडी घर कसे असेल, याचा सर्वांत जुना पुरावा दगडात आहे. वलवणच्या पूर्वेला काही मैलांवर कार्ले, भाजे आणि बेडसे ही बौद्ध लेणी आहेत. भाज्याचे चैत्यगृह इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातले मानले जाते. कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे. या लेण्यांचे कारागीर दगड कोरत होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाचीच इमारत होती. भाज्याच्या दर्शनी भागावर सज्जे, जाळीच्या खिडक्या आणि लाकडी कठड्यांसारखे कठडे कोरलेले आहेत. आतले खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवतात. एकसंध खडकात त्याची काहीच गरज नव्हती, तरी ती रीत पाळली गेली. कार्ल्याच्या कमानदार छताला खऱ्या सागवानी लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या आजही जागेवर आहेत. तिथल्या एका कोरीव लेखात दाराचे काम करणारा धेनुकाकट येथील सामी नावाचा सुतार येतो. राजे आणि श्रेष्ठींच्या नावांबरोबर सुताराचेही नाव दगडावर कोरले गेले, यावरून लाकूडकामाची या मुलखातली प्रतिष्ठा कळते.

मेढी, कूड आणि पाखी

शेतकऱ्याचे साधे घर मेढींवर उभे राही. वर दोन फाटे असलेला खांब म्हणजे मेढ. तिच्या फाट्यात तुळई बसे, तुळईवर वासे चढत आणि दोन्ही पाखी आढ्यावर येऊन मिळत. सांधा बांधायला खिळ्याऐवजी वेली, काथ्या किंवा दोर पुरे. साग महाग आणि मानाचा, म्हणून साध्या घरात ऐन, जांभूळ, किंजळ अशी जंगलातली लाकडे वापरीत. घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दोन खणी घर गरिबाचे, पाच खणी घर खात्यापित्याचे.

भिंती कुडाच्या असत. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी दाट वाढते. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरल्यावर वाळून जाते. या वाळक्या, सरळ काठ्या तोडून त्या शेजारी शेजारी उभ्या रोवायच्या, बांबूच्या आडव्या कांबींनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचे तूस यांचा गिलावा लिंपायचा. शेणातले तंतू आणि तूस गिलाव्याला धरून ठेवतात, त्यामुळे तो वाळताना तडकत नाही. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वस्त्यांवर अशी घरे दीर्घकाळ बांधली गेली. ज्याची ऐपत असे तो दगडाचे जोते घाली आणि भिंती दगडमातीच्या रची. घर जमिनीपासून हात-दोन हात उंच उचलणाऱ्या या जोत्यामुळे पावसाळ्यातले वाहते पाणी आत शिरत नसे.

छपरावर आधी भाताचा पेंढा किंवा गवत असे, पुढे कुंभाराने भाजलेली नळीची कौले आली. पाखी तीव्र उताराची ठेवीत, कारण पाणी जितके लवकर घरंगळेल तितके छप्पर टिके. वळचण भिंतीच्या बरीच पुढे येई, म्हणजे पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी न पडता लांब पडे. दर वर्षी वैशाख-ज्येष्ठात घर शाकारण्याचे काम निघे. जुना पेंढा उतरवून नवा चढवायचा, फुटकी कौले बदलायची, सरकलेली परतायची. पश्चिमेकडून येणारा पाऊस भिंत भिजवतो, म्हणून त्या अंगाला गवताची किंवा पानांची झड बांधीत. चार महिने ही झड घराच्या अंगावर पांघरुणासारखी राही आणि दसऱ्याच्या आसपास उतरे. घराच्या देखभालीचे वेळापत्रक असे शेतीच्या वेळापत्रकाला जोडलेले होते. पेरणीआधी छप्पर, कापणीआधी अंगण.

ओटी, माजघर आणि चूल

मावळी घराची आतली मांडणी ठरलेली असे. पुढे पडवी किंवा ओटी, तिच्या मागे माजघर, माजघराला लागून चुलीची जागा आणि देव्हारा, एका बाजूला गोठा, मागे परसू. गुरे त्याच छपराखाली असत. पावसात त्यांची राखण सोपी होई आणि त्यांच्या अंगच्या उष्णतेने घरही गरम राही. ओटीवर पुरुषमाणसे बसत, पाहुण्याला तिथेच पाणी मिळे आणि पावसाळ्यात दोर वळणे, टोपल्या विणणे, इरली दुरुस्त करणे ही कामे तिथेच चालत. माजघर अंधारे आणि उबदार. भिंतीत दिवळ्या आणि कोनाडे, खांबांना खुंट्या, वर पोटमाळा. दिवळीत दिवा, कोनाड्यात फणी-करंडा, खुंटीवर घोंगडी, माळ्यावर बी-बियाणे आणि शेतीची अवजारे. जी वस्तू दिसे ती कामाची असे आणि तिची जागा ठरलेली असे.

भुई करण्याचे तंत्र स्वतंत्र होते. मुरूम आणि माती पसरून, पाणी मारून धुम्मसाने ठोकायची. मग चोपण्याने चोपून सपाट करायची आणि वर शेणाचे सारवण. ताजे शेण पाण्यात कालवून बाई भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करी आणि दाराकडे मागे सरकत येई. हात अर्धवर्तुळात फिरे, त्यामुळे भुईवर एकात एक गुंतलेल्या कमानी उमटत. भिंतीच्या कडेला पांढऱ्या मातीची किंवा चुन्याची किनार ओढली की सारवण पुरे झाले. सारवलेली भुई धूळ धरून ठेवते आणि पायाला दगडासारखी गार लागत नाही. सण, लग्न किंवा पाहुणे असोत, सारवण ही घर सजवण्याची पहिली पायरी होती. त्यावर रांगोळी, उंबऱ्याला हळदकुंकू, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा, खालच्या पट्ट्याला गेरू, आणि चुना वापरण्याची ऐपत असेल तर त्यात थोडी नीळ.

घराच्या उबेचे केंद्र चूल होती. तिला जोडलेल्या वैलावर दूध किंवा डाळ मंद आचेवर राही. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि जाताना वाशांवर काजळीचा थर चढवी. या धुराने लाकूड कोरडे राही, वाळवी आणि भुंगा लांब राहत आणि छपरातली ओल निघून जाई. चुलीवरच्या भागात टांगलेली बियाण्याची कणसे पावसाळाभर कोरडी राहत. धान्यासाठी बांबूच्या कणग्या असत. त्यांना आतबाहेर शेणमातीने लिंपून किडीपासून बंद करीत. मडक्यांची उतरंड, दूधदह्याचे शिंके, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, सुपे, दुरड्या, रोवळ्या हा माजघर आणि चुलीच्या जागेचा संसार होता. अंथरायला जुन्या लुगड्यांच्या वाकळी, पांघरायला धनगरी घोंगडी. मेंढीच्या लोकरीची घोंगडी पाऊस बऱ्यापैकी अडवते आणि ओली झाली तरी ऊब देते. भात लावताना पाठीवर घ्यायचे इरले बांबूच्या कामट्या आणि पळसाच्या पानांचे असे. आज शोभेसाठी गोळा केल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी जवळजवळ हीच आहे.

घाटरस्ता, रेल्वे आणि बंगला

१८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे वाहतूक मावळातून सुरू झाली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. खाली कर्जतपासून वर लोणावळ्यापर्यंतचा घाट सर्वांत अवघड होता. २५ बोगदे आणि अनेक पूल असलेले हे काम एका टप्प्यावर ४०,०००हून अधिक मजुरांच्या हातून चालले होते आणि २१ एप्रिल १८६३ रोजी ते खुले झाले. लोणावळ्यात रेल्वेची इंजिनशेड, अधिकारी आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. १८७७ मध्ये लोणावळ्याला नगरपालिका मिळाली. मुंबईहून काही तासांत गार हवेत पोहोचता येऊ लागल्यावर पारशी, गुजराती, मारवाडी आणि मराठी धनिकांनी इथे बंगले बांधले. निरनिराळ्या समाजांनी आपल्या लोकांसाठी आरोग्यभवने काढली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतर मोकळ्या हवेतल्या जागांची ओढ आणखी वाढली.

बंगल्याने मावळी घराकडून आणि इंग्रजी वळणाच्या घराकडून मिळून आकार घेतला. उंच दगडी जोते, रुंद वळचण आणि उतरती पाखी ही या मातीतली. चहूबाजूंनी फिरणारा व्हरांडा हा ओटीचाच विस्तार म्हणता येईल, फरक एवढाच की तिथे काम चालत नसे, विश्रांती चाले. उंच छत, मोठ्या काचेच्या खिडक्या, शेकोटीची जागा, छपराच्या कडेला लाकडाची किंवा पत्र्याची नक्षीदार झालर हा इंग्रजी वळणाचा भाग. पश्चिमेच्या भिंतींना पावसाळ्यात पत्रे किंवा झडी लावण्याची रीत मात्र जुनीच राहिली. सह्याद्रीतल्या इतर थंड हवेच्या ठिकाणीही ती दिसे.

कौलांतही बदल झाला. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूरला यंत्रावर दाबलेल्या कौलांचा कारखाना सुरू केला. ही कौले एकमेकांच्या खाचेत अडकतात, त्यामुळे वाऱ्याने सहसा सरकत नाहीत आणि नळीच्या कौलांच्या मानाने कमी लागतात. जहाजाने मुंबईला आणि तिथून रेल्वेने घाटावर येणारी मंगलोरी कौले हळूहळू बंगल्यांची आणि मग गावातल्या सधन घरांचीही ओळख बनली. कुंभाराच्या नळीच्या कौलांचा धंदा त्यामुळे आटत गेला.

बंगल्याचे सामान वेगळे होते. वेताच्या जाळीची आरामखुर्ची, जिच्या लांब दांड्यांवर पाय टाकता येत. मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग, संगमरवरी माथ्याचे टेबल, आरशाचे कपाट, चिनी मातीची भांडी. फरशीसाठी आधी परदेशी टाइल्स येत. १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी काढली. स्वदेशीच्या भावनेतून सुरू झालेल्या या कारखान्याच्या रंगीत, नक्षीच्या सिमेंट फरश्या पश्चिम भारतातल्या असंख्य घरांत बसल्या. जुन्या बंगल्यांतली अशी फरशी आज मुद्दाम जपली जाते किंवा तिच्या नमुन्यावर नवी करून घेतली जाते.

धरण, वीज आणि सिमेंट

वलवणचे नाव मुंबईच्या कारखानदारीच्या इतिहासात आले ते पाण्यामुळे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात तिच्या धरणकामाची पायाभरणी झाली. लोणावळा, वलवण आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाच्या कड्यावरून ५०० मीटरहून अधिक खाली खोपोलीला नेऊन त्यावर वीज करायची, ही ती योजना. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. मावळातल्या खेड्यांत वीज पोहोचायला मात्र कित्येक दशके लागली. ज्या डोंगरांचे पाणी मुंबईला उजेड देत होते, त्याच डोंगरांतल्या माजघरांत तेलाचा दिवा आणि मग कंदील जळत राहिला. शेजारच्या मुळशीत टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तिथे शेतांबरोबर पिढ्यानपिढ्यांची घरेही पाण्याखाली गेली. मावळी घराच्या इतिहासात या बुडालेल्या घरांनाही स्थान आहे.

स्वातंत्र्यानंतर सिमेंट, लोखंडी सळई आणि पत्रा खेड्यात आला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने गावोगाव वीज नेली. स्लॅबच्या घराचे आकर्षण समजण्यासारखे होते. दर वर्षी शाकारणी नको, सारवण नको, विंचू-उंदरांची भीती कमी, गच्चीवर धान्य वाळवता येते. गॅस आल्यावर बायांची धुरातून सुटका झाली. ही सुटका मोठी होती आणि जुन्या घराचे कौतुक करताना ती विसरता येत नाही. पण चुलीचा धूर थांबला तसे लाकडी छपराला भुंगा आणि वाळवी लागू लागली, आणि सपाट स्लॅब मावळच्या पावसात गळू लागले. म्हणून इथल्या अनेक स्लॅबवर पुन्हा पत्र्याची उतरती पाखी चढलेली दिसतात. जुन्या घराने सोडवलेला प्रश्न नव्या घरासमोर तसाच उभा राहिला.

मोडलेल्या वाड्यांचे लाकूड

गावाकडच्या थाटाला लागणारे जुने लाकूड आणि भांडी बाजारात आली ती जुनी घरे मोडल्यामुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर शहरांतली जुनी भाडी गोठली आणि वाड्यांची डागडुजी मालकांना परवडेनाशी झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतली हजारो घरे पडली. पुढच्या दशकांत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सुरूच्या आकाराचे खांब, कोरीव तुळया, महिरपी, पितळी फुल्यांची दारे, कडी-कोयंडे हे सारे वखारींत आणि बाजारांत पोहोचले. पुण्याचा जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार आणि ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार या मालाची ठिकाणे झाली. जुना साग पुरता वाळलेला असल्याने वाकत नाही, म्हणून सुतारांनाही तो हवा असतो.

या वस्तूंचे मोल सर्वांच्या आधी ओळखणाऱ्यांत डॉ. दिनकर केळकर यांचे नाव घ्यावे लागते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, दरवाजे, वाद्ये, कुलपे, गंजिफा अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी ते खेडोपाडी हिंडले. दिवंगत मुलाच्या नावाने उभारलेले पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्या कामाचे फळ. त्यातल्या वस्तूंची संख्या २०,००० वर आहे. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकेच किसणी आणि समई यांनाही तिथे मानाचे स्थान मिळाले. सामान्य घरातली वस्तू बघण्याजोगी असते, ही जाणीव महाराष्ट्रात रुजवण्यात या संग्रहालयाचा मोठा वाटा आहे.

परदेशातली गावाकडची ओढ

शहरातल्या घराला खेड्याचे रूप देण्याची हौस मावळापुरती नाही. इंग्लंडमध्ये कारखानदारी वाढली, शहरे धुराने भरली, तशी हाताने केलेल्या वस्तूंची ओढ सुरू झाली. विल्यम मॉरिस याच्यासाठी फिलिप वेब याने बांधलेले लंडनजवळचे रेड हाउस १८६० मध्ये पूर्ण झाले. उघडी विटांची भिंत, उतरती कौले आणि साधे लाकडी सामान हे त्याचे विशेष. पुढच्याच वर्षी मॉरिसने मित्रांसह सजावटीच्या वस्तू करणारी कंपनी काढली. घरातल्या वस्तूने एक तर उपयोगी पडावे किंवा डोळ्याला आनंद द्यावा, असा त्याचा आग्रह होता. कला आणि कारागिरी यांची ही चळवळ त्याच काळात भारतातही पोहोचली. १८६५ ते १८७५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवणारे जॉन लॉकवुड किपलिंग हे स्थानिक कारागिरीचे मोठे पुरस्कर्ते होते. युरोप-अमेरिकेत पुढे हीच हौस मासिके आणि दुकानांतून घरोघर गेली. फुलाफुलांचे पडदे, गोधडीसारख्या रजया, ओबडधोबड लाकडी टेबल, उघड्या फळ्यांवरची भांडी हा तिचा ठरावीक साचा बनला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो भारतीय सजावटकारांकडेही आला आणि इथे स्थानिक वस्तूंनी भरला गेला.

द्रुतगती मार्गानंतर

२००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण वाहता झाला. तो वलवणजवळून जातो. मुंबई-पुण्याहून दोन-तीन तासांच्या आत येता येऊ लागल्याने लोणावळा, वलवण, तुंगार्ली, कार्ला ते पवना धरणाच्या काठापर्यंत सुटीच्या घरांची मोठी वाढ झाली. शहरात काचेच्या आणि सिमेंटच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला इथे वेगळे घर हवे असते, आणि त्यातून गावाकडचा थाट हा या घरांचा मुख्य साज बनला. बैठकीत सागवानी दिवाण आणि त्यावर खणाच्या लोडांच्या खोळी. ओटीला पितळी कड्यांचा झोपाळा. पायाखाली शहाबादी किंवा कोट्याची फरशी, नाहीतर तांबडा कोबा. घोंगडीचा गालिचा. उतरंड दिव्याचा खांब झालेली, इरले दिव्याची टोपी झालेले, जात्याच्या तळीचे टेबल झालेले. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे घंगाळ आणि हंडे, ज्यांची मागणी स्टीलने कमी केली होती, पुन्हा विकले जाऊ लागले. गोधड्या शिवणाऱ्या बायांना आणि घोंगडी विणणाऱ्यांनाही त्यातून काम मिळाले.

या घरांत काय टिकते आणि काय टिकत नाही, हे मावळच्या हवेने दोन दशकांत दाखवून दिले आहे. रुंद वळचण, उंच जोते आणि व्हरांडा असलेले घर कोरडे राहते. सपाट भिंतीला नुसती शोभेची कौलपट्टी लावलेले घर पहिल्या पावसात ओल धरते. वाशांवर रिपा ठोकून बसवलेल्या कौलांखालून हवा खेळते. उतरत्या स्लॅबवर सिमेंटने चिकटवलेल्या कौलांखाली पाणी कोंडते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, तर प्लास्टिकचा रंग ती भिंतीतच अडकवतो आणि मग पोपडे धरतो. जवसाचे तेल लावलेले लाकूड दर वर्षी पुन्हा तेलता येते. जाड चकचकीत पॉलिश एकदा सुटले की खरवडूनच काढावे लागते. सिमेंटच्या जमिनीवर शेणाचे सारवण धरत नाही, ते चोपलेल्या मातीलाच शोभते. महिनोन् महिने बंद राहणाऱ्या घरातल्या गाद्या, गोधड्या आणि वेताच्या खुर्च्या बुरशीने खराब होतात. वापरात असलेल्या घरात त्याच वस्तू वर्षानुवर्षे राहतात, कारण तिथे दारे उघडतात, हवा खेळते आणि रोज हात फिरतो.

यावरून या इतिहासाचा निष्कर्ष निघतो. मावळी घराची ऊब वस्तूंच्या जुनेपणातून आलेली नव्हती. उतार, वळचण, जोते, धूर, सारवण आणि रोजची देखभाल यांच्या जुळणीतून ती आली होती. जिथे नव्या घराने ही जुळणी उचलली तिथे गावाकडचा थाट शोभतो आणि टिकतो. जिथे फक्त घंगाळ आणि इरले उचलले तिथे तो दुकानाच्या मांडणीपुरता राहतो.

वलवणच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुडाच्या भिंतींची आणि नळीच्या कौलांची मोजकी घरे अजून उभी आहेत. ती बांधणारे, शाकारणारे आणि सारवणारे हात आता म्हातारे झाले आहेत. ही घरे मोडण्याआधी त्यांची मोजमापे, आराखडे, छायाचित्रे आणि त्यांच्या प्रत्येक भागाचे मावळी नाव लिहून ठेवण्याचे काम गावच्या शाळांनी, ग्रामपंचायतींनी आणि पुण्या-मुंबईच्या वास्तुकला महाविद्यालयांनी हाती घ्यावे. गावाकडचे घर हौसेने सजवणाऱ्यांनीही आपल्या गवंड्याला आणि सुताराला सोबत घेऊन अशा एका घरात पावसाळ्याचा एक दिवस काढावा.